प्रेशर चांगलं हाय

आमच्या कडेगावच्या बाजूला 'प्रेशर' हा शब्द कौतुकाचा आहे. मोटर चालू केली आणि पाईपच्या तोंडातून पाणी हातभर लांब पडलं, की शेजारचा माणूस आपल्या बांधावरूनच ओरडतो, "प्रेशर चांगलं हाय रं गड्या!" ज्याच्या मोटरला प्रेशर नाही त्याच्या रानात ऊस नाही, आणि ज्याच्या रानात ऊस नाही त्याच्या घरी मुलगी द्यायला माणसं दहादा विचार करतात. माणसाविषयी बोलतानाही तेच. बैठकीत मोठ्यानं बोलणारा, चार लोकांना गप्प बसवणारा माणूस 'प्रेशरवाला'.

तेव्हा गावच्या उपकेंद्रातल्या सिस्टरबाईंनी माझ्या वडिलांच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली आणि काळजीनं म्हणाल्या, "आबा, प्रेशर लय हाय तुमचं," तेव्हा आबांनी मिशीवरून हात फिरवला.

"असणारच की," ते म्हणाले. "पलटणीतला माणूस हाय मी."

आणि चहा न पिताच घरी आले, कारण बातमी गरम होती. वाटेत भेटेल त्याला सांगत आले.

मला हे आईकडून कळलं. मी सांगलीत विश्रामबागला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डबा उघडला होता तेवढ्यात आईचा फोन आला. "आगं, तुझ्या आबांचं प्रेशर बघितलं. सिस्टर म्हणली लय हाय. आन हे घरी येऊन मला म्हणत्यात, भाकरी एक ज्यादा टाक, तब्येत फस्ट क्लास हाय. मला काय कळंना बया, हसू का रडू."

मी वरचा आकडा विचारला. आई म्हणाली, पावणेदोनशेच्या घरात. माझा घास हातातच राहिला.

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते. कुकरला निदान शिट्टी तरी असते, मला तीही नाही. मी तिथूनच आबांना फोन लावला आणि सगळ्या स्टाफरूमला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आबा, ते कौतुक नव्हतं! ते वाईट आहे!"

"वाईट कसं?" आबा शांतपणे म्हणाले. "कमी असतं तर वाईट."

आता आबांना हसायचं, तर हसण्यासारखी गोष्ट आमच्या घरात नव्हती. कारण आबांचे मोठे भाऊ, माझे थोरले चुलते, याच दुखण्यानं गेले होते. आबा त्यांना दादा म्हणायचे, म्हणून आम्हीही दादाच म्हणायचो. दादा शाळेत फार गेले नाहीत, पण पाढे असे पाठ की ऐकत राहावं. गोठ्यात शेण काढता काढता त्यांनी आधी आबांना आणि मग मला तिसापर्यंत पाढे शिकवले. एकोणतीसचा त्यांचा विशेष आवडता. "तिसाचा कुणीबी म्हणंल," ते म्हणायचे, "एकोणतीसचा म्हणला तर डोकं चालतंय म्हणायचं."

दादांचं डोकं दुखायला लागलं, कडेगावच्या डॉक्टरांनी बीपीच्या गोळ्या दिल्या. चार-आठ दिवस घेतल्या. उठताना चक्कर आल्यासारखं व्हायला लागलं म्हणून डॉक्टरांना न विचारताच सोडून दिल्या. मग महिन्याभरानं एके सकाळी धार काढायला बसले आणि चरवीसकट कलंडले. आमच्याकडे याला 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आबा रोज त्यांच्या खाटेशी बसून पेज भरवायचे आणि म्हणायचे, "दादा, एकोणतीस एके?" दादा ओठ हलवायचे. "एकोणतीस" एवढं कसंबसं यायचं. त्यापुढं काही नाही. डोळ्यांतून नुसतं पाणी. पावसाळा संपता संपता गेले.

त्या मरणातून आबांनी दोन धडे घेतले, आणि दोन्ही चुकीचे. एक, वारं लागू द्यायचं नाही. म्हणून हा माणूस भर चैत्रात कानाला मफलर गुंडाळून रानात जायचा. आणि दुसरा, गोळ्यांनी घात केला. "गोळीनं दादाचं प्रेशर उतरवलं," ते म्हणायचे. "प्रेशर उतरलं, मग रक्त डोक्यापातूर चढलंच न्हाई. सरळ हाय की." दादांनी गोळ्या सोडल्यावर हे झालं, घेत असताना नव्हे, हे मी हजारदा सांगितलं. पण घरात एकदा एखाद्या वस्तूवर आळ आला की तो निघत नाही. ती गोळी आमच्या घरात खुनीच ठरली होती.

तरी मी त्या रविवारी गेले, आबांना गाडीत घातलं आणि कडेगावला नेलं. डॉक्टर तेच. त्यांनी तपासलं, डोळ्यात बॅटरी मारून बघितलं, लघवी तपासायला सांगितली आणि गोळी लिहून दिली. रोज सकाळी एक, कायमची. आबांनी "येस सर" म्हटलं. मी समाधानानं सांगलीला परत आले. मला वाटलं, पलटणीतला माणूस हुकूम पाळणार.

कसलं काय. पंधरा दिवसांनी आईला मोटरच्या पेटीत, फ्यूजतारेच्या वेटोळ्याखाली, सगळ्या गोळ्या सापडल्या. पाकीटसुद्धा फोडलेलं नाही.

मग मात्र मी अंगणात जे रणकंदन केलं ते अजून शेजारी सांगतात. आबा खाटेवर बसलेले, मफलर कानाला, आणि मी खडू घेऊन फरशीवर नळ्या काढतेय. हे हृदय, ही मोठी धमनी, या बारीक. नळी अरुंद झाली की त्याच रक्तासाठी हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, तो जोर म्हणजे प्रेशर. त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह सोळावा हिस्सा उरतो, आबा, सोळावा! मुलांना हे वाक्य सांगितलं की वर्गात कुजबुज होते. आबांनी जांभई दिली.

"झालं तुझं?" ते म्हणाले. "आता मी इचारू?"

"विचारा."

"आपल्या टेकावरच्या रानात पाणी कवा चढतं?"

"मोटर चालू केल्यावर."

"प्रेशर असल्यावर. लाईट कमी आली, प्रेशर पडलं, की खालच्या सऱ्या भिजत्यात आन टेकावरचा ऊस वाळतो. व्हय का न्हाई?"

"हो."

"मग माणसाचं डोकं वर हाय का खाली?"

प्रश्न चुकीचा असता तर मी फाडून खाल्ला असता. पण डोकं वर आहे हे खरं, आणि वर पाणी चढवायला दाब लागतो हेही खरं. शरीर ते कसं सांभाळतं, शिरा कशा आवळतात, कशा सैल होतात, हे मला माहीत होतं, पण आबांच्या टेकावर नेऊन ठेवता येईना. मी खडू फेकला आणि म्हणाले, "मग मरा!" असं बोलले, देवा, वडिलांना. आई आतून धावत आली. आबा मात्र हसले. "मरतोय कशाला," म्हणाले, "प्रेशर चांगलं हाय माजं."

सांगलीला परतताना मी वाटभर रडले. दादांच्या खाटेवर आबा दिसायला लागले होते मला. पेज भरवायला कोण बसणार, आणि 'एकोणतीस एके' कोण विचारणार, एवढंच डोक्यात.

त्यानंतर मी बोलणंच सोडलं. सिस्टरबाईंनी मात्र सोडलं नाही. त्यांचं ऋण मी कसं फेडू मला कळत नाही. दर आठवड्याला फेरीवर आल्या की आमच्या दारात यायच्या. त्या लांबून दिसल्या की आबा मागच्या दारानं रानात. सिस्टरबाई चिडायच्या नाहीत. ओसरीवर बसून पाणी प्यायच्या, आईचं प्रेशर बघायच्या आणि जाताना म्हणायच्या, "सांगा आबांना, मी परत येणार हाय. मी बी चिवट हाय." आणि खरंच परत यायच्या.

याच सुमाराला आमच्या रानात ठिबक आलं. आबांचा जन्म पाटपाण्यात गेलेला. फावडं घेऊन सऱ्यांची मातीची दारं मोडायची, सरी भरली की पुढची. आता सगळ्या रानात काळ्या नळ्या अंथरल्या, मोटरच्या खोपटाशेजारी एक जाड नळकांड्यासारखा फिल्टर बसला आणि फिल्टरच्या अलीकडं-पलीकडं दोन गोल मीटर, काटेवाले. बसवायला आलेल्या माणसानं सांगितलं होतं की आतली जाळी वरचेवर धुवा. आबांनी मान डोलावली आणि विसरले. त्यांना आवडला तो काटा. मोटर चालू केली की पहिल्या मीटरचा काटा सरसर वर चढायचा, आणि आबा कमरेवर हात ठेवून बघत राहायचे. दुसऱ्या मीटरकडं कोणी बघत नव्हतं, कारण त्याच्या काचेवर कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. आईनं ते मोडू दिलं नव्हतं. "लेकुरवाळी हाय," म्हणायची, "तिचं घर मोडून काय मिळवायचं?"

उन्हाळा तापला आणि आईचा फोन आला. टेकावरच्या उसाच्या लागणीची पानं वळायला लागली होती. खालचा ऊस हिरवागार, आणि टेकावरचा माना टाकलेला. आबा नळ्या विकणाऱ्याला शिव्या देत होते. मी रविवारी गेले. खरं सांगायचं तर उसासाठी गेले नाही. आईच्या आवाजात आणखी काहीतरी होतं. तिनं मग चुलीशी बसून हळूच सांगितलं, "रोज सकाळी डोकं धरून बसत्यात. मला म्हणत्यात, कुणाला सांगू नगंस. आन परवा चरवी हातातनं निसटली."

चरवी. मी तशीच उठून रानात गेले.

आबा मोटरीपाशी होते. मफलर होताच. मला बघून म्हणाले, "ये, बघ तरी काटा. कवा न्हवं एवढा वर गेलाय. मोटर घोड्यागत पळतीया. आन त्या भाड्यानं गळ्यात मारलेल्या नळ्या बघ, टेकावर एक थेंब न्हाई! एवढं प्रेशर असून!"

मी काटा बघितला. खरंच, पार लाल पट्टीपाशी टेकलेला. मोटरचा आवाजही बदललेला, कण्हल्यासारखा. आणि एकदम माझ्या अंगावर काटा आला. वर्षानुवर्षं ज्या आकृतीवर मी छडी ठेवून बोलते, ती माझ्यासमोर रानात उभी होती. मी दुसऱ्या मीटरपाशी गेले. कुंभारणीच्या घराला भोकं पडली होती, पिल्लं कधीच उडून गेली होती. मी नखानं माती खरवडून काढली, ओढणीनं काच पुसली.

"आबा, इकडं या."

आबा आले, वाकले. चष्मा नव्हता म्हणून अगदी काचेला नाक लावलं. आत काटा तळाशी निजलेला.

"ह्यो बिघडलाय," ते म्हणाले.

"बिघडला नाही. अलीकडं एवढं प्रेशर, पलीकडं काहीच नाही. मधे काय आहे?"

आबांनी फिल्टरकडं बघितलं. मग माझ्याकडं. त्यांनी मोटर बंद केली, पाना घेतला आणि झाकण फिरवलं. आतली जाळी बाहेर आली ती जाळी वाटतच नव्हती. हिरवा, बुळबुळीत, शेवाळाचा गोळा, त्यात कॅनॉलमधून आलेला गाळ, पाचटाचे तुकडे. वास असा की मी नाकाला ओढणी लावली. आबांनी हौदावर बसून ती जाळी धुतली. जुन्या ब्रशनं, एकेक भोक मोकळं होईपर्यंत. दाढी करताना करायचे तशी मान वाकडी करून.

जाळी आत गेली, झाकण बसलं, मोटर चालू झाली. आणि पहिल्या मीटरचा काटा खाली आला. लाल पट्टीवरून घसरत घसरत पार निम्म्यावर.

आबांचा चेहरा उतरला. "गेलं!" ते ओरडले. "प्रेशर गेलं! आता टेकावर काय चढतंय!"

"चला बघू," मी म्हणाले. मला स्वतःलाही खात्री हवी होती.

आबा पुढं, मी मागं. बांधावरून ते जवळजवळ पळतच निघाले, मफलरचं टोक मागं उडत होतं. टेकाच्या अगदी शेवटच्या सरीला, बाभळीच्या खाली, ते थांबले आणि पाचट बाजूला सारून नळी हातात घेतली. छिद्रातून थेंब पडला. मग दुसरा. टप, टप, टप. खालची माती काळी पडत चालली होती. पुढच्या छिद्रालाही तेच, त्याच्या पुढच्याही. आबांनी ओंजळ धरली. तळहातावर पाणी साठताना ते कितीतरी वेळ बघत बसले.

मी काही समजावलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं असेल. काटा खाली आला होता आणि पाणी टेकावर चढलं होतं, हे दोन्ही त्यांच्या डोळ्यांदेखत झालं होतं. माझ्या खडूपेक्षा ते पुष्कळ होतं.

आबा सरीतच बसले. ओंजळीतलं पाणी तोंडावर मारलं, मग कानाचा मफलर सोडला आणि त्यानं तोंड पुसलं. खाली मोटरीकडं बघत म्हणाले, "काटा वर व्हता तो पाणी लय हाय म्हणून न्हवं. वाट तुंबली म्हणून."

"हो आबा."

"आन मोटर कण्हत हुती."

"हो."

"दादा म्हणायचा, डोक्यात घण बसल्यागत वाटतंय रं. आन मी त्याला म्हणायचो, प्रेशर हाय दादा तुज्यात, म्हातारपणी बी जोर हाय." त्यांनी ठिबकची नळी पुन्हा हातात घेतली. "मग गोळी काय करती? प्रेशर उतरवती का वाट मोकळी करती?"

मी त्यांच्या शेजारी बसले. "तुमची जी गोळी आहे ना, ती शिरा सैल करते. वाट मोकळी होते. वाट मोकळी झाली की प्रेशर आपोआप उतरतं. आणि डोक्याला रक्त पोचायचं राहत नाही, सावकाश, बेतानं पोचत राहतं. दादांनी ती सोडली, आबा. घेतली म्हणून नाही झालं."

आबा रडले. मोठ्यानं, लहान पोरासारखे, मफलर तोंडाला धरून. दादा गेले तेव्हाही मी त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं. तेव्हा चार माणसांत हुंदका गिळला असेल, तो इतक्या वर्षांनी टेकावरच्या सरीत मोकळा झाला. मीही रडले. आई आम्हाला शोधत जेवायला बोलवायला आली, आणि दोघांना उसात बसून रडताना बघून तिनं कपाळावर हात मारला. "आवं, ऊस गेला काय सगळा?"

"न्हाई," आबा म्हणाले. "आलाय. पाणी आलंय."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला रजा टाकली आणि आम्ही कडेगावला गेलो. डॉक्टरांना आबांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं, मीटर, कुंभारीण, शेवाळ. बाहेर पेशंट खोळंबले होते, तरी डॉक्टरांनी ऐकून घेतलं. शेवटी आबांनी आवाज बारीक करून विचारलं, "साहेब, ठिबकच्या नळ्या फारच तुंबल्या की आमी पाण्यातनं ॲसिड सोडतो. तसं माणसाला काय..."

"तेवढं एक करू नका," डॉक्टर म्हणाले आणि इतके हसले की चष्मा काढावा लागला. मग त्यांनी नीट समजावलं. शिरा लोखंडाच्या नसतात, जाळीसारख्या उघडून धुता येत नाहीत. वर्षानुवर्षं आतून जोर बसला की त्या ताठ होत जातात, आणि कुठंतरी फुटतात नाहीतर बंद पडतात, त्यालाच आपण वारं म्हणतो. मीठ कमी करा, तंबाखू सोडा, रोज चाला आणि गोळी चुकवू नका. चक्कर आली तर माझ्याकडं या, मी गोळी बदलीन, पण परस्पर बंद करू नका. आबांनी पुन्हा "येस सर" म्हटलं. या वेळी मला त्यांचा आवाज ओळखू आला. हा खरा होता.

तेव्हापासून आमच्या घरात गोळीला गोळी म्हणत नाहीत. सकाळी चहाआधी आबा भांडंभर पाणी घेतात, गोळी टाकतात आणि आईला सांगतात, "फिल्टर धुतला." मग ओसरीवर उभे राहून एकोणतीसचा पाढा म्हणतात, मोठ्यानं, दहापर्यंत. पाणी टेकावर चढतंय का ते बघायला. आई सुरुवातीला चिडायची, गल्ली ऐकती म्हणायची. आता एखाद्या दिवशी उशीर झाला तर तीच ओरडते, "आवं, पाढा न्हाई झाला!"

आणि गावाचं काय सांगावं! आबांनी फिल्टरची गोष्ट पारावर सांगितली, सोसायटीत सांगितली, सिस्टरबाईंना तर दारात उभं करून सांगितली. त्यांना मागच्या दारानं चुकवणारा हा माणूस आता त्यांची वाट बघत बाही वर करून बसतो. सिस्टरबाई मला म्हणाल्या, "आवो ताई, तुमच्या आबांनी माजं काम निम्मं केलं." आता म्हातारी माणसं सकाळी एकमेकांना बांधावरून विचारतात, "फिल्टर धुतला का रं?" आणि पलीकडून उत्तर येतं, "धुतला गड्या." नवखा माणूस म्हणेल, केवढी ही शेतीची काळजी.

मी त्या शेवाळाची आभारी आहे. कुंभारणीची आहे, आणि तिचं घर मोडू न देणाऱ्या आईची तर आहेच. जाळी वेळच्या वेळी धुतली असती तर काटा वर चढला नसता, आणि आबांना मी फरशीवर खडूनं कितीही नळ्या काढून दाखवल्या असत्या तरी पटलं नसतं.

आता गेल्या महिन्यातलं सांगते. आमच्या कॉलेजात शिक्षकांची तपासणी झाली. पट्टा बांधणारी मुलगी माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. तिनं एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं, मग संकोचून म्हणाली, "मॅडम, जरा वाढलंय. घरी कोणाला आहे का?" मी, जी वर्गात त्रिज्येचा चौथा घात सांगते ती मी, तिला काय म्हणाले असेन? "नाही गं, जिना चढून आले ना, म्हणून." आणि तो कागद पर्समध्ये कोंबून टाकला. रक्ताचं नातं कुठं जाणार! मोटरची पेटी नव्हती एवढंच.

आईनं फोनवर माझा आवाज ऐकला आणि दोन वाक्यांत ओळखलं. तिनं आबांना सांगितलं. मला वाटलं, आता माझंच अंगण माझ्यावर उलटणार. पण आबा रागावले नाहीत. फोनवर एवढंच म्हणाले, "कुंभारणीचं घर खरवड बाय. मग बघ काटा कुठं हाय." मी त्याच संध्याकाळी विश्रामबागच्या डॉक्टरांकडं गेले.

आता रोज सकाळी, मी चहा ठेवते तेव्हा फोन वाजतो. पलीकडं मोटरचा आवाज असतो, नीट, बिनकण्हता चाललेला.

"फिल्टर धुतला का?"

"धुतला आबा."

"मग म्हण."

मी गॅलरीत उभी राहून म्हणते. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. शेजारच्या वहिनी कपडे वाळत घालता घालता हसतात. परवा मी घाईत होते, पहिला तास होता. एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर म्हणाले आणि पुढं अडकले.

"एकोणतीस साती... एकशे त्र्याण्णव?"

"दोनशे तीन!" आबा असे ओरडले की फोन कानापासून लांब धरावा लागला. "दोनशे तीन! प्रोफेसर हाय म्हणं! पाणी चढंना तुज्या टेकावर, डॉक्टरला सांग!"

दादा खाटेवर पडले तेव्हा त्यांचं जेवढं वय होतं, त्याहून आबा आता मोठे आहेत. मला हसू आलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदमच.

"आबा," मी म्हणाले, "पुढचं तुम्ही म्हणा ना."

"आगं, तुला तास हाय न्हवं?"

"असू दे. म्हणा."

आणि उसाच्या कडेला उभे राहून, मोटरच्या आवाजावर आवाज चढवून, ते म्हणाले. एकोणतीस आठी दोनशे बत्तीस. एकोणतीस नव्वे दोनशे एकसष्ट. एकोणतीस दाहे दोनशे नव्वद. कुठंही न अडखळता. चहा उतू गेला आणि तासाला उशीर झाला, पण मी शेवटपर्यंत ऐकलं.